आठ उंदरांचं पेनिसिलिन आणि आपली सोय

पिंजरा_सात

परवा दुसऱ्या एका धाग्यावर 'जुनाजाणता' यांनी प्रतिसाद टाकला होता. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी गोषवारा: रँडमायझेशन (कोणत्या उंदराला औषध ते चिठ्ठ्या टाकून ठरवणं), ब्लाइंडिंग (मोजणाऱ्याला गट माहीत नसणं), सॅम्पल साइजचं गणित (किती प्राणी लागतील), अराइव्हच्या याद्या (प्राणी-प्रयोगाच्या पेपरात काय काय लिहायचं), ही सगळी ज्यांना स्वतःच्या हातांनी प्रयोग जमत नाहीत त्यांनी काढलेली कारकुनी. पेनिसिलिन आठ उंदरांवर सिद्ध झालं, तेव्हा कोणी चौकटीत टिक मारत बसलं नव्हतं. आणि अनुभवी माणसाला उंदीर पिंजऱ्यातून उचलतानाच कळतं, औषध लागू पडलंय की नाही.

त्याखाली '+१'ची रांग लागली होती. तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण लांबत गेलं. म्हणून हा वेगळा धागा.

'उचलतानाच कळतं' हेच आधी घेतो, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. मी पीएचडीला फोर्स्ड स्विम करायचो, म्हणजे नैराश्यावरची औषधं तपासायला उंदराला पाण्यात सोडायचं. काचेचं नळकांडं, त्यात पाणी, सहा मिनिटं, त्यातली शेवटची चार मोजायची. उंदीर नुसता तरंगत राहिला की स्टॉपवॉचचं बटण, हातपाय मारायला लागला की पुन्हा बटण. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा एक मागचा पाय जरासा हलतो आणि तुमच्याकडे अर्धा सेकंद असतो: हे पोहणं, की नुसतं तोल सावरणं? आणि माझ्या उंदरांच्या डाव्या कानाला भोक म्हणजे औषध, उजव्या कानाला म्हणजे सलाइन. भोकं मीच पाडलेली. म्हणजे तो अर्धा सेकंद कोणाच्या बाजूने पडत असेल?

दोन महिन्यांनी एका मैत्रिणीने तेच व्हिडिओ पुन्हा मोजले. फायलींची नावं मी बदलून दिली होती आणि कॅमेऱ्यात कान दिसत नव्हते. फरक उरला, पण निम्म्याहून कमी, आणि पी व्हॅल्यू (फरक नुसता योगायोगाचा नाही ना, याचा आकडा) पार वाहून गेली. मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. लबाडी केली असती तर निदान कुठे केली ते तरी सांगता आलं असतं.

हे माझं एकट्याचं नाही. २००९ मध्ये किल्केनी आणि सहकाऱ्यांनी २७१ पेपर चाळले. ८७ टक्क्यांमध्ये रँडमायझेशनचा पत्ता नाही, ८६ टक्क्यांमध्ये ब्लाइंडिंगचा नाही, आणि बारकाईने तपासलेल्या ४८ पेपरांपैकी एकातही इतकेच प्राणी का घेतले याचं कारण नाही. त्यातूनच २०१० मध्ये अराइव्ह आलं. लोक केलं होतं पण लिहिलं नाही असं म्हणतात. म्हणा. पण आकृतीखाली 'एन = ८ ते १०', म्हणजे गटात आठ ते दहा उंदीर, असं लिहिता, तेव्हा ते दोन उंदीर गेले कुठे, कधी गेले, आणि कोणी ठरवलं? दोन ओळी लागतात. त्यांनाही जागा नसते?

याची किंमत बघायची तर एएलएस बघा, स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार. मिनोसायक्लीन या अँटिबायोटिकने उंदरांमध्ये छान गुण दाखवला होता. माणसांवर ४१२ रुग्णांची चाचणी झाली, २००७ मध्ये निकाल आला: मिनोसायक्लीन घेणाऱ्यांची तब्येत इतरांपेक्षा २५ टक्के जास्त वेगाने ढासळली. पुढच्याच वर्षी एका संस्थेने त्याच वाणाच्या उंदरांवर ७० हून अधिक औषधं पुन्हा तपासली. १८,००० उंदीर, २२१ अभ्यास, लिटर (एका वेळची भावंडं) जुळवून, नर-मादी जुळवून. आधी गाजलेली औषधंही त्यात फुसकी निघाली.

आता बोला.

जुनाजाणता

माझ्या नावाने धागा निघाला, आभारी आहे. तीस वर्षं उंदरांत काढल्यावर एवढा मान मिळायलाच हवा.

एक. तुमच्या मैत्रिणीने मोजलेलं खरं आणि तुम्ही मोजलेलं खोटं, हे कोणी ठरवलं? तिने त्याआधी किती उंदीर मोजले होते? नवख्या माणसाच्या हातात स्टॉपवॉच दिलं की तो दोन्ही गटांत सारख्याच चुका करणार आणि फरक पुसला जाणार. म्हणजे तुमच्या कहाणीतून 'ब्लाइंडिंगने खरं बाहेर आलं' निघत नाही. 'अननुभवी माणसाने प्रयोग बिघडवला' हेही तितकंच निघतं.

दोन. याद्यांचं म्हणाल तर तुमच्याच पंथाने त्यांची परीक्षा घेऊन ठेवली आहे. प्लॉस वन या मासिकात १,६८९ हस्तलिखितं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटली, एका गटाला अराइव्हची यादी भरणं सक्तीचं केलं. २०१९ मध्ये निकाल छापला. पूर्ण पालन करणारे पेपर किती? शून्य. सक्तीच्या गटातही शून्य. हे तुम्ही लिहिलं नाहीत. बघितलंत, आकडे गाळायला ब्लाइंडिंग नसलेला स्टॉपवॉचच लागतो असं नाही.

तीन. एनएक्सवाय-०५९. पक्षाघाताचं औषध, स्टेअरच्या (अशी औषधं प्राण्यांवर कशी तपासावीत हे सांगणारा तज्ज्ञांचा गट) १९९९ च्या सगळ्या शिफारशी पाळून, माकडांपर्यंत तपासून माणसात नेलं. दुसऱ्या मोठ्या चाचणीत तीन हजारांवर रुग्ण, आणि उत्तर भोपळा. शिस्त पाळूनही हेच होणार असेल तर कागदी घोडे कशाला नाचवायचे?

चार. अम्जेन या औषधकंपनीवाल्यांनी २०१२ मध्ये डंका पिटला, ५३ गाजलेल्या पेपरांपैकी ६ च पडताळले गेले. कोणते ५३? सांगितलं नाही. पारदर्शकतेवर प्रवचन, आणि स्वतःची वही बंद.

मधलीओळ

जुनाजाणता यांचा चौथा मुद्दा मान्य. मलाही तो पेपर कायम खटकत आलाय. पण मग २०२१ च्या कॅन्सर पडताळणीचं बघा, तिथे वही उघडी आहे. २३ पेपरांतले ५० प्रयोग पुन्हा केले, आणि परिणामाचा आकार मध्यकाने ८५ टक्के लहान निघाला. आता यांचेही हात वाईट म्हणा.

पेनिसिलिनबद्दल मात्र मला बोलायलाच हवं, कारण हे उदाहरण प्रत्येक वेळी ढाल म्हणून पुढे येतं. २५ मे १९४०, ऑक्सफर्डला फ्लोरीची प्रयोगशाळा, आठ उंदरांना मारक स्ट्रेप्टोकोकस टोचला, चारांना पेनिसिलिन. फ्लोरीचा सहकारी हीटली रात्रभर बसून राहिला. पहाटेपर्यंत औषध न दिलेले चारही मेले, औषधाचे चारही जिवंत. आता गणित. आठांतले चार मरणार असतील तर ते नेमके औषध न मिळालेलेच चार असण्याची योगायोगाने शक्यता ७० त १. मोजायचं काय, तर मेला की जगला. तिथे नजर लागत नाही, स्टॉपवॉच लागत नाही. इतका धडधडीत परिणाम असेल तर आठ पुरतात, कोणता संख्याशास्त्रज्ञ नाही म्हणेल? आणि फ्लोरीची मंडळी आठवर थांबली नाहीत. मोठ्या गटांवर पुन्हा केलं, मग ऑगस्टमध्ये छापलं.

तुमच्या-आमच्या औषधांचा परिणाम असतो पंधरा-वीस टक्क्यांचा, पाण्यातल्या भुलभुलैयात आठ सेकंद लवकर पोचला वगैरे. त्याला आठ उंदीर घ्यायचे आणि फ्लोरीचं नाव घ्यायचं. बटन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये वॉटर मेझच्या अभ्यासांची पॉवर काढली, १८ टक्के. खरा फरक असला तरी पाचांतल्या चार वेळा हाती काही लागू नये अशी ही व्यवस्था, आणि ज्याला लागतं त्याला तो फुगूनच दिसतो.

जाता जाता माझं रडगाणं. लोक माझ्याकडे येतात ते सगळे उंदीर मारून झाल्यावर. 'जरा पी व्हॅल्यू काढून द्या.' बैल गेला आणि झोपा केला. गेल्या वर्षी एक जण आला, एन = २४ म्हणाला. विचारलं, किती माद्यांची पिल्लं? तीन. औषध कोणाला दिलं होतं? गाभण असताना मादीला. मग तुझा एन तीन आहे बाबा, चोवीस नाही. एका आईची आठ पिल्लं म्हणजे आठ साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराने आठदा दिलेली तीच जबानी आहे. तो चिडला. म्हणाला, सगळे असंच करतात. आणि हेच दुर्दैवाने खरं होतं.

पिंजरा_सात

जुनाजाणता, पहिला मुद्दा बरोबर आहे. होय, लिहिलं. मैत्रीण नवखी होती, आणि गोंधळ वाढल्यानेही फरक आकसू शकतो. मग उपाय काय? अनुभवी माणसानेच मोजावं, पण गट माहीत नसताना. म्हणजे तुम्हीच मोजा. फक्त कोड, म्हणजे कोणता उंदीर कुठल्या गटातला ती यादी, दुसऱ्याच्या खणात. तुमची नजर इतकी पक्की आहे तर तिला कशाची भीती?

दुसरा मुद्दा मी गाळला, हेही कबूल. पण त्या प्रयोगात यादी केव्हा मागितली? हस्तलिखित पाठवताना. उंदीर तेव्हा कधीच मेलेले. ज्याने चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत तो यादीत काय भरणार? यावरून शेवटी मागितलेली यादी फुकट जाते एवढं सिद्ध होतं. आधी लिहून ठेवायची सोय आता आहे, जर्मनीत २०१९ पासून प्राणी-अभ्यासांची नोंदवही चालते. सुरुवातीलाच लिहायचं, किती प्राणी, काय मोजणार, कोणाला कधी वगळणार. किती जण वापरतात ते मला विचारू नका, उत्तर लाजिरवाणं आहे.

एनएक्सवाय-०५९ चा मुद्दा तर तुमच्यावरच उलटतो. नंतर त्या औषधाचे सगळे प्राणी-अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा रँडमायझेशन-ब्लाइंडिंग असलेल्यांत परिणाम लहान आणि नसलेल्यांत मोठा निघाला. सगळी शिस्त पाळली होती हीच दंतकथा आहे.

शेपूट_धरू_नका

तुम्ही सगळे कोड, खण आणि एनवर भांडताय, पण उंदराला विचारलंय का कोणी? मी पशुवैद्य आहे. ॲनिमल हाउसमध्ये बारा वर्षं.

हर्स्ट आणि वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं, उंदीर शेपटीने उचलला की तो घाबरट वागतो. नळीतून किंवा ओंजळीतून उचलला की तोच उंदीर स्वतःहून हाताजवळ येतो. आणि तुम्ही 'अँक्झायटी' मोजणारे लोक आधी शेपटीला धरून लोंबकळवता, हवेत फिरवून मेझवर टाकता, मग मोजता अँक्झायटी. कशाची? औषधाची की तुमच्या चिमटीची? पेपराच्या मेथड्समध्ये, म्हणजे पद्धतीच्या भागात, मी आजवर 'उंदीर कसा उचलला' हे वाक्य हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा वाचलंय.

खोलीचं तापमान घ्या. २० ते २४ अंश, कारण कोट घातलेल्या माणसाला तेवढं बरं वाटतं. उंदराला बरं वाटतं ३० च्या आसपास. म्हणजे तुमचा प्रत्येक कंट्रोल (औषध न दिलेला) उंदीर कुडकुडतोय. नुसतं तापमान ३० ला नेलं तर काही गाठी हळू वाढतात हे २०१३ मध्येच छापून आलं.

आता गंमत. २०१४, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचा अभ्यास. पुरुष प्रयोगकर्ता खोलीत असला की उंदरांना दुखणं कमी जाणवतं, कारण ते तणावात जातात. नुसता त्याने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी तेच. सांगा, 'प्रयोग कोणी केला, पुरुष की बाई' हा रकाना कोणाच्या पेपरात आहे?

जुनाजाणता

बाई, आता उंदरांना पाळण्यात घालून अंगाई म्हणायची तेवढी बाकी आहे. मुद्दा काय चाललाय, आणि टी-शर्ट काय?

शेपूट_धरू_नका

बाई नाही, डॉक्टर. जमत नसेल तर नुसतं 'शेपूट' म्हणा, चालेल.

आणि मुद्दा हाच आहे. 'अनुभवी हात' म्हणता ना? त्या हाताचा वास, त्या हाताची पकड हाही प्रयोगाचा भाग आहे आणि तुम्ही तो कधीच लिहीत नाही. क्रॅबचा १९९९ चा पेपर वाचा. तीन शहरांत तीन प्रयोगशाळा, तेच वाण, तीच उपकरणं, तीच वेळ, सगळं जुळवलेलं. तरी काही चाचण्यांत निकाल वेगळे. एका ठिकाणचा प्रयोगकर्ता तर उंदरांच्या ॲलर्जीमुळे तोंडाला श्वसनयंत्र लावून बसायचा. उंदरांनी त्याला काय समजलं असेल ते उंदीरच जाणे.

माझी एक गोष्ट सांगते. एका ठिकाणी, कुठे ते विचारू नका, एका औषधाने उंदरांची हालचाल चांगलीच मंदावते असं निघालं. सगळे खुश. आमच्याकडे पिंजरे धुणारे एक काका होते, सातवी शिकलेले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मॅडम, या पोराचे औषधाचे सगळे पिंजरे वरच्या कप्प्यात का असतात? जाऊन बघितलं. खरंच. पोराने पिंजरे क्रमाने लावले होते, एक ते दहा औषध, अकरा ते वीस कंट्रोल. वरचा कप्पा दिव्याच्या अगदी खाली. वरच्या उंदरांनी घरट्याचा सगळा कापूस ओढून एका कोपऱ्यात ढीग केला होता आणि दिवसभर त्याच्या सावलीत बसायचे. खालचे मोकळे हिंडत होते. कप्पे अदलाबदल केले, औषधाची अर्धी जादू गेली. काकांचं नाव पेपरात नाही, आभारातही नाही.

रात्रपाळी

शेपूट ताई, +१०००. आमच्याकडेही पिंजरे धुणाऱ्या दादांनाच सगळं माहीत असतं. कुठला उंदीर चावतो, कुठला खात नाही, कोणाची जखम चिघळलीये. त्यांच्या वहीत तारखेसकट असतं, आमच्या एक्सेलमध्ये नसतं.

मधलीओळ

अवांतर वाढतंय, पण राहवत नाही. कप्प्यांचा प्रश्न चिठ्ठ्या टाकून पिंजरे लावले असते तर आलाच नसता. म्हणजे हे अवांतर नाहीच. फक्त एक सावधगिरी: सगळं घट्ट जुळवत बसण्याचाही अतिरेक होतो. एकच वाण, एकच वय, एकच तापमान, एकच माणूस, म्हणजे तुमचा निकाल त्या एका खोलीपुरता खरा. त्यापेक्षा मुद्दाम थोडी विविधता घ्यावी, दोन-तीन तुकड्यांत प्रयोग करावा, आणि गणितात ती धरावी. वुर्बेल हे संशोधक आणि त्यांची मंडळी वर्षानुवर्षं हेच सांगताहेत.

शेपूट_धरू_नका

म्हणजे अर्धे उंदीर शेपटीने उचलू का? विविधता म्हणून?

मधलीओळ

मी असं म्हटलेलं नाही आणि तुम्हालाही ते माहीत आहे.

शेपूट_धरू_नका

बरं. पण नर-मादी तरी दोन्ही घ्या. अमेरिकेच्या एनआयएचने (संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) २०१६ पासून सांगितलंय, तरी 'माद्यांचं चक्र गोंधळ घालतं' हे पालुपद अजून ऐकते मी. नर एका पिंजऱ्यात एकमेकांना फाडतात, एक दादा होतो आणि बाकीचे दबून जगतात, तो गोंधळ नाही का?

बोलघेवडा

इतका वेळ वाचतोय. सगळ्यांनी मिळून एकच सिद्ध केलंत, की उंदीर हे माणसाचं मॉडेल नाही. सेओकचा २०१३ चा पेपर बघा, भाजणं, जखमा, जंतुदोष यांत उंदरांची जनुकं माणसांसारखी वागतच नाहीत. टीजीएन१४१२ हे औषध आठवा, २००६, माकडांत सुरक्षित, आणि सहा निरोगी तरुण अतिदक्षता विभागात. अमेरिकेनेही २०२२ च्या शेवटी औषधचाचणीचा कायदा बदलला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुमच्या याद्या, नळ्या, चिठ्ठ्या, सगळं बुडत्या जहाजावरचं रंगकाम. बंद करा एकदाचं.

मधलीओळ

सेओकचा दाखला देणाऱ्यांना ताकाओचा पेपर कधीच कसा आठवत नाही? त्याच मासिकात, तोच डेटा घेऊन, उलटा निष्कर्ष: उंदीर माणसाशी चांगलेच जुळतात. जनुकं कशी निवडली यावर सगळं फिरलं. आता दोघांतलं कोण खरं हे ठरवायला काय लागेल? विश्लेषण आधी ठरवून लिहून ठेवणं. म्हणजे पुन्हा आमचीच कारकुनी.

आणि तो कायदा नीट वाचा. प्राण्यांची सक्ती काढली, प्राण्यांवर बंदी घातली नाही.

जुनाजाणता

बोलघेवडा, इन्सुलिन कुत्र्यांवर उभं राहिलं. ते तुम्हाला नको असेल तर तसं लेखी द्या. उंटावरून शेळ्या हाकायला अक्कल लागत नाही.

बोलघेवडा

१९२१ किती दिवस पुरवणार? अक्कल काढण्याआधी तीस वर्षांतलं तुमचं एक औषध माणसात पोचलेलं दाखवा.

जुनाजाणता

तुम्ही स्वतः एक तरी उंदीर हातात धरून दाखवा. शेपटीने धरलात तरी चालेल.

निनावी_नातेवाईक

मी तुमच्यातला नाही. एएलएस हा शब्द शोधताना इथे पोचलो. माझ्या वडिलांना होता.

निदान झाल्यावर मी रात्री जागून पेपर वाचायला शिकलो. 'उंदरांमध्ये आयुष्य वाढलं' असं दिसलं की प्रिंट काढायचो. एक फाइलच झाली होती, पिवळी. वडिलांची बोटं तोवर शर्टच्या गुंडीला हरली होती, पण फाइलची पानं ते तळहाताने सरकवत बघायचे. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, ते आलेख बघायचे. दोन रेषा, एक लवकर खाली येणारी, एक उशिरा. 'ही उशिराची आपली का?' असं विचारायचे.

आमच्या डॉक्टरांनी फाइल शांतपणे चाळली आणि एका पेपरात बोट ठेवून विचारलं, यात दोन्ही गटांतले उंदीर एकाच वेळचे आहेत का, भावंडं सारखी वाटलीत का, असं कुठे लिहिलंय का बघा. नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं. मी घरी येऊन सगळे तपासले. एकात होतं, त्यात फरक नऊ दिवसांचा होता.

वर कोणीतरी कारकुनी म्हणालं. त्या दोन ओळी असत्या तर मी ती फाइल वडिलांच्या हातात दिली नसती. एवढंच सांगायचं होतं.

रात्रपाळी

काका, काय लिहू कळत नाही.

मीही एक सांगून टाकतो, आयडी निनावी आहे म्हणून. मागच्या वर्षी माझ्या प्रयोगात औषधाच्या गटातले दोन उंदीर कंट्रोलसारखे वागले. मीटिंगमध्ये मला विचारलं गेलं, 'ते दोन आजारी दिसत होते ना?' मी म्हटलं, दिसत होते. नव्हते दिसत. वजनं माझ्याच वहीत होती, एक ग्रॅमही घटलं नव्हतं. कंट्रोलमधला एक खरंच आजारी होता, नाकातून पाणी येत होतं, तो मात्र ठेवला, कारण तो सोयीचा वागला होता. पेपर छापला. एन = ८ ते १०. धाग्यातलं ते वाक्य वाचून कानशिलं तापली.

आणि रिव्ह्यूअरनी काय विचारावं? वगळलेल्यांबद्दल अवाक्षर नाही. 'आणखी एका नॉकआउटमध्ये (एखादं जनुक बंद केलेल्या उंदरांत) करून दाखवा, सहा महिन्यांत.' केलं. एन = ४.

जुनाजाणता

रात्रपाळी, गाइडचं नाव सांगू नकोस, पण मूळ डेटा जपून ठेव. तारखेसकट.

आणि असं कोणी माझ्या प्रयोगशाळेत केलं असतं तर त्याच दिवशी बाहेर काढला असता. हे ब्लाइंडिंगने थांबत नाही, चारित्र्याने थांबतं.

पिंजरा_सात

चारित्र्य? त्याचा गाइडही हेच म्हणत असेल हो. कोड मोडायच्या आधी 'आजारी कोण' हे ठरवायचं असतं, तर मीटिंगमध्ये विचारायला काय उरलं असतं? कोणता उंदीर कुठल्या गटातला हेच माहीत नसताना सोयीचा आजारी कसा शोधणार? पोराला चारित्र्याची परीक्षा द्यावीच लागली नसती. तुम्ही मुद्दाम समजून घेत नाही आहात की खरंच कळत नाही?

जुनाजाणता

आवाज खाली. तुमचं वय असेल तितकी माझी सर्व्हिस झाली आहे.

निनावी_नातेवाईक यांच्यासाठी थांबलो होतो, नाहीतर केव्हाच गेलो असतो. 'कारकुनी' मीच म्हटलं होतं. त्यांच्यापुरता तो शब्द मागे घेतो. त्यांच्यापुरताच. तुमच्या याद्यांबद्दल माझं मत तेच आहे, आणि त्या शून्याला तुमच्याकडे अजून धड उत्तर नाही.

वगळायचा नियम आधी लिहून ठेवायचा, हे मात्र आम्ही १९९४ पासून करतो. वहीच्या पहिल्या पानावर. त्याला तुमच्या संस्थांचे शिक्के लागले नाहीत.

मधलीओळ

म्हणजे तुम्ही तीस वर्षं कारकुनीच करताय. अभिनंदन. :)

पिंजरा_सात

आणि मोजताना कोड?

जुनाजाणता

इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) मोजताना स्लाइड्सवर पट्टी चिकटवतो. वागणुकीच्या चाचण्यांत नाही. तिथे उंदीर ओळखायचाच असतो, डोस द्यायचा असतो.

पिंजरा_सात

डोस देणारा एक, मोजणारा दुसरा. बाटल्यांवर लाल-निळी टेप. खर्च एका टेपचा.

जुनाजाणता

दोन माणसं असतात कुठे प्रयोगशाळेत? तुम्ही पैसे पाठवणार का पगाराला?

रात्रपाळी

सर, आमच्याकडे आम्ही तिघं एकमेकांचे कोड ठेवतो आता. मागच्या वर्षीच्या त्या प्रकारानंतर. गाइडना सांगितलेलं नाही.

बोलघेवडा

क्रांतीच झाली म्हणायची. टेपची.

शेपूट_धरू_नका

बोलघेवडा, टेपची चेष्टा करू नका. पुढच्या अभ्यासात शंभराऐवजी साठ उंदीर पुरले आणि ते साठ वाया गेले नाहीत, तर तुमच्या निषेधापेक्षा जास्त उंदीर तिने वाचवले.

मधलीओळ

शंभराऐवजी साठ नाही हो. बऱ्याचदा आठाऐवजी तीस लागतात. गोड बोलून फसवू नका लोकांना.

शेपूट_धरू_नका

मग तीसच घ्या, पण चारदा आठ-आठ मारून काहीच न कळण्यापेक्षा एकदा तीस. आमच्या कमिटीत हेच सांगून मी थकले. तिथे 'कमी प्राणी' म्हटलं की सगळे माना डोलावतात, 'पुरेसे प्राणी' म्हटलं की मी क्रूर.

जुनाजाणता

शेपूट डॉक्टर, एक विचारतो, टोमणा नाही. ती नळी केवढी असते? आमच्या मुलीने, म्हणजे विद्यार्थिनीने, हे मागच्या महिन्यात काढलं होतं तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

शेपूट_धरू_नका

५ सेंटिमीटर रुंद, १३ ते १५ लांब. पारदर्शक असेल तर बरं, आत उंदीर दिसतो. प्रत्येक पिंजऱ्यात एक कायमची ठेवा, म्हणजे वास त्याचाच राहतो. पिंजऱ्याच्या भिंतीलगत धरा आणि उंदराला मागून हलकेच वळवा, तो स्वतः आत जातो. पहिले दोन दिवस वेळ लागेल, चिडू नका.

विद्यार्थिनीला सांगा, मेथड्समध्ये लिही म्हणून.

जुनाजाणता

बघतो. आधी सहा पिंजऱ्यांवर करून बघतो.

मधलीओळ

कोणते सहा, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.